तापल्यावरच बोलणारा सेन्सर

पेट्रोल गाडीच्या एक्झॉस्टमध्ये बोटाएवढा एक ऑक्सिजन सेन्सर असतो. ३०० ते ३५० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय तो काहीही सांगत नाही. तोवर गाडीचा कॉम्प्युटर आठवणीवर चालतो. कारखान्यात कोणीतरी भरून ठेवलेला तक्ता वाचायचा, इतक्या आरपीएमला इतकी हवा म्हणजे इतकं पेट्रोल, असा हिशेब करायचा आणि इंजेक्टर उघडायचे. जळलेलं बरोबर जळलं का, हे विचारायला त्याच्याकडे कोणी नसतं. याला ओपन लूप म्हणतात. सेन्सर तापला, बोलू लागला, की कॉम्प्युटर त्याचं ऐकून पेट्रोल सेकंदासेकंदाला कमीजास्त करतो. तो क्लोज्ड लूप. माझ्या जुन्या शेव्हरोले कॅमारोवर गेले काही महिने मी जे काम केलं ते सगळं या दोन अवस्थांच्या मधलं आहे.

सेन्सरच्या पोटात झिर्कोनियाची, म्हणजे झिर्कोनियम डायऑक्साइडची, एक पोकळ टोपी असते. आतून-बाहेरून प्लॅटिनमचा पातळ थर. बाहेरच्या अंगाला एक्झॉस्टचा वायू लागतो, आतल्या अंगाला बाहेरची साधी हवा, जिच्यात सुमारे २१ टक्के ऑक्सिजन. झिर्कोनियात थोडं यिट्रिया, म्हणजे यिट्रियमचा ऑक्साइड, मिसळलं की त्याच्या स्फटिकात ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या राहतात. तापमान पुरेसं असेल तर ऑक्सिजनचे आयन या रिकाम्या जागांतून उड्या मारत पलीकडे जातात आणि दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमधल्या फरकानुसार व्होल्टेज तयार होतो. मिश्रणात पेट्रोल जास्त असेल, म्हणजे रिच, तर सुमारे ०.९ व्होल्ट. हवा जास्त असेल, म्हणजे लीन, तर ०.१. मधला उतार इतका खडा की १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल या नेमक्या ठिकाणी काटा एकदम इकडून तिकडे जातो. (अमेरिकेतल्या पंपावर मिळणाऱ्या १० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला हा आकडा १४.१च्या आसपास येतो, पण सेन्सरला आकड्याशी देणंघेणं नाही. इंधन आणि हवा यांचा हिशेब चुकता झाला की नाही, एवढंच तो पाहतो.) मात्र झिर्कोनिया थंड असेल तर आयन जागचे हलत नाहीत आणि तो निव्वळ चिनी मातीचा तुकडा उरतो.

या व्होल्टेजचं गणित वाल्थर नर्न्स्टने १८८९ साली मांडलं. माझी गाडी १९८९ची, म्हणजे मध्ये बरोबर शंभर वर्षं. त्याच नर्न्स्टने १८९७च्या सुमारास ग्योटिंगेनमध्ये एक दिवा बनवला होता. त्याची प्रकाश देणारी कांडी झिर्कोनिया आणि यिट्रियाचीच. एडिसनच्या दिव्यासारखी तिला निर्वात काचेची गरज नव्हती, उघड्या हवेत ती लख्ख पेटायची. अडचण एकच, थंड असताना तिच्यातून वीज जायचीच नाही. आधी काडीने किंवा स्पिरिटच्या ज्योतीने ती तापवावी लागे. पुढे कांडीशेजारी प्लॅटिनमच्या तारेचं वेटोळं बसवलं गेलं. बटण दाबलं की आधी वेटोळं तापायचं, ते कांडीला तापवायचं, आणि कांडी पेटली की रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, वेटोळ्याची वीज तोडायचा. जर्मनीतल्या एईजी कंपनीने या दिव्याचे हक्क घेतले. टंगस्टनच्या तारेपुढे तो टिकला नाही. नर्न्स्टला पुढे १९२०चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते वेगळ्या कामासाठी. पण मी माझ्या गाडीखाली जे बसवलं ते एका अर्थाने त्याच दिव्याचं वंशज आहे: झिर्कोनिया, यिट्रिया आणि त्यांना तापवणारी एक छोटी विजेरी कांडी. हा माणूस स्वतः मोटारींचा शौकीन होता हे वाचलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

बॉशने हा सेन्सर मोटारीसाठी तयार केला आणि १९७७च्या मॉडेलच्या व्होल्वोवर तो अमेरिकेत आला. व्होल्वोला त्याचा इतका अभिमान की गाडीच्या जाळीवर ‘लॅम्ब्डा सोंड’ अशी, म्हणजे या सेन्सरच्या नावाची, पट्टीच लावलेली असे. गरज कायद्याने निर्माण केली होती. १९७०च्या क्लीन एअर अ‍ॅक्टनंतर धुरातला कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड असे तिन्ही घटक कमी करणं भाग होतं. एक्झॉस्टमध्ये बसवलेला, धूर स्वच्छ करणारा थ्री-वे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तिघांनाही हाताळतो, पण मिश्रण त्या नेमक्या बिंदूच्या अगदी जवळ असेल तरच. जरा रिच झालं की नायट्रोजनचं काम होतं आणि कार्बन मोनॉक्साइड सुटतो, जरा लीन झालं की उलट. कार्बुरेटरच्या हाताला एवढी नजाकत जमणारी नव्हती.

सुरुवातीचे सेन्सर एका तारेचे. तापण्यासाठी एक्झॉस्टचीच उष्णता, वेगळा हीटर नाही. माझ्या कॅमारोतही असाच एक, ड्रायव्हरच्या बाजूच्या ओतीव लोखंडी मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांचा धूर एकत्र करणाऱ्या जाड नळकांड्यात, सिलिंडर हेडच्या अगदी जवळ बसवलेला. जागा विचार करून निवडलेली होती. जाड बीड एकदा तापलं की लवकर निवत नाही, आणि पोर्टमधून निघालेला वायू लगेच सेन्सरवर आदळतो.

मी गाडी घेतली तेव्हा ते मॅनिफोल्ड नव्हतं. आधीच्या मालकाने हेडर्स लावलेले होते. हेडर्स म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र लांब स्टीलची नळी, आणि चार नळ्या खाली एका कलेक्टरमध्ये एकत्र. एका सिलिंडरच्या धुराचा धक्का पुढे जाताना मागे जो कमी दाब ठेवून जातो त्यात दुसऱ्याचा धूर ओढला जावा, अशी कल्पना. ५.७ लिटरच्या व्ही-एटला याने श्वास मोकळा होतो यात शंका नाही. ४,००० आरपीएमच्या पुढे ते मणक्याला कळतं. पण त्या नळ्यांचा पत्रा पातळ, वारा लागायला अंग मोठं, आणि सेन्सर कलेक्टरमध्ये, म्हणजे हेडपासून पार दूर. एक्झॉस्टची उष्णता वाटेतच उडून जाते. हेडर्स विकणारे हॉर्सपॉवरचे आलेख दाखवतात. सेन्सर खाली गेल्याने आयडलला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसतं चालू असताना, काय होईल, हे डब्यावर कोणी छापत नाही. ते छापायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आयडलला काय होतं ते मी लॅपटॉपवर पाहिलं. या काळातल्या जीएम, म्हणजे जनरल मोटर्सच्या, गाड्यांत डॅशबोर्डखाली १२ पिनांचं एक कनेक्टर असतं. एरवी त्यातल्या ए आणि बी पिना कागदाच्या क्लिपने जोडल्या की ‘सर्व्हिस इंजिन सून’चा दिवा लुकलुकून कोड सांगतो: एकदा, थांबून दोनदा, म्हणजे १२, यंत्रणा जागी आहे. मला अधूनमधून १३ मिळायचा, ऑक्सिजन सेन्सरचं सर्किट उघडं. पण कोड म्हणजे फक्त निकाल, खटला पाहायचा तर केबल लावून आकडे वाहताना बघावे लागतात. गाडी रस्त्यावर असताना सगळं छान. सेन्सरचा आकडा १०० मिलिव्होल्टवरून ८०० वर, परत खाली, परत वर, सेकंदात कित्येक फेऱ्या. निरोगी सेन्सर असाच नाचतो. मग लाल सिग्नलला थांबलो. नाच मंदावला. खालचं टोक २०० वर आलं, वरचं ६०० वर. दोन्ही टोकं एकमेकांकडे सरकत सरकत ४५०च्या आसपास येऊन आकडा थबकला. ४५० म्हणजे सेन्सरचं उत्तर नव्हे. तो व्होल्टेज कॉम्प्युटरच त्या तारेवर ठेवतो, आणि सेन्सर गप्प झाला की स्वतःचाच आवाज त्याला परत ऐकू येतो. थोड्या वेळाने पडद्यावर ‘क्लोज्ड’च्या जागी ‘ओपन’ आलं आणि काच खाली केल्यावर पेट्रोलचा वास. तक्ता तर बीडाच्या मॅनिफोल्डसाठी लिहिलेला, हेडर्सनंतर हवेचा ओघच बदललेला. म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

मी राहतो मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या पश्चिमेला. इथे रस्त्यावर मीठ टाकायला सुरुवात झाली की अशा गाड्या आच्छादनाखाली जातात ते थेट एप्रिलपर्यंत. ऑगस्टमध्ये वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते, तेव्हा हजारो जुन्या गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. त्या रांगेत उभं राहिलं की किती जणांचे सेन्सर निवलेले आहेत ते नाकाला कळतं. डोळे चुरचुरतात. फुटपाथवर खुर्च्या टाकून आजी-आजोबा नातवंडांना घेऊन बसलेले असतात आणि तो धूर त्यांच्याच तोंडावर जातो. माझ्या गाडीचा त्यात वाटा नको, हे माझं या कामामागचं पहिलं कारण. मायलेज आणि प्लग त्याच्या मागून.

लहानपणी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका गॅरेजात बाबांची पद्मिनी जायची. तिथले मेस्त्री मिश्रण बघायचे ते प्लग काढून. पोर्सिलीन काळं, काजळी धरलेलं असेल तर रिच. पांढरं फटक असेल तर लीन, इंजिन तापेल. बिस्किटासारखा तांबूस रंग आला की समाधानाने मान हलवायचे. पण गाडी दारात आली की लगेच प्लग काढायचे नाहीत. बाबांना म्हणायचे, “साहेब, एकदा शिरोलीच्या नाक्यापतूर ताणून आणा की. गार गाडीचा प्लग बघून काय उपेग? त्यो काळाच असतोय.” गाडी भरपूर पळवून आणली, इंजिन तिथल्या तिथे बंद केलं, की मग पान्याला हात. त्यांच्या हाताशी ना झिर्कोनिया होतं ना मिलिव्होल्ट, पण कुठल्या अवस्थेत घेतलेलं माप खरं मानायचं, याचा त्यांचा नियम पक्का होता. इंजिनिअरिंगला मोजमापाचा विषय शिकताना मला कितीदा तरी ते आठवले.

तर उपाय सरळ आहे: स्वतःचा हीटर असलेला सेन्सर. त्याच टोपीच्या पोटात एक सिरॅमिकची तापणारी कांडी असते. १२ व्होल्टवर ती स्थिरावल्यावर साधारण एक अँपिअर घेते, थंड असताना त्याहून जास्त. एक्झॉस्ट कितीही निवला तरी सेन्सर कामाच्या तापमानाला राहतो. फोर्डच्या १९८६च्या मस्टँग जीटीत कारखान्यातूनच नळ्यांचे हेडर्स होते आणि त्यांच्यासोबत दोन्ही बाजूंना हीटरवाले सेन्सरही. नळ्यांसोबत हीटर हवा, हे तिथे ठरलेलं दिसतं.

बाजारात तीन तारांचे आणि चार तारांचे असे दोन प्रकार मिळतात. आटे तेच, १८ मिलिमीटर व्यासाचे, त्यामुळे दोन्ही बसतात, आणि बरेच जण तीन तारांवर थांबतात. मी चार घेतल्या. तीनमध्ये सेन्सरचं अर्थिंग त्याच्या लोखंडी अंगातून, हेडरमधून, गॅस्केट ओलांडून इंजिनच्या ब्लॉकला मिळतं. हेडर्सवर सिरॅमिकचा लेप, बोल्टांना गंज, मध्ये गॅस्केट. एवढ्या अडथळ्यांतून गेलेला मिलिव्होल्टचा निरोप मला नको होता. चौथी, राखाडी तार हे अर्थिंग वेगळं आणते, आणि माझ्या गाडीत कॉम्प्युटरकडून सेन्सरच्या अर्थिंगसाठी बदामी रंगाची तार आधीच आलेली आहे. काळी तार जांभळीला, म्हणजे सिग्नलला. राखाडी बदामीला. दोन पांढऱ्या हीटरच्या.

इथे एक गोष्ट जीव लावून करण्यासारखी आहे. हीटरचं अर्थिंग आणि सिग्नलचं अर्थिंग एका बोल्टखाली दाबायचं नाही. हिशेब करून बघा: त्या जोडात गंजामुळे एक दशांश ओहम रोध आला आणि त्यातून हीटरचा एक अँपिअर गेला, तर तिथे ०.१ व्होल्ट तयार होतो. सिग्नलचा सगळा पल्लाच एक व्होल्टचा. म्हणजे सेन्सर शंभर टक्के खरं बोलतोय आणि कॉम्प्युटरला दहा टक्के खोटं ऐकू येतंय. मी हीटरचं अर्थिंग वेगळ्या जागी, रंग खरवडून काढलेल्या पत्र्यावर घेतलं. वीज बॅटरीकडून स्वतंत्र फ्यूज आणि रिलेमार्फत, आणि रिलेला इशारा फ्युएल पंपाच्या सर्किटमधून, म्हणजे इंजिन बंद असताना चावी नुसती ऑन राहिली तर हीटर बॅटरी पीत बसणार नाही.

तारा सोल्डर केल्या नाहीत, क्रिंप केल्या, म्हणजे टोकं धातूच्या नळीत दाबून जोडली. हे ऐकून माझ्या एका इलेक्ट्रॉनिक्सवाल्या मित्राच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण या सेन्सरला तुलनेसाठी आत जी ताजी हवा लागते ती तारेच्या बारीक धाग्यांमधल्या फटीतूनच आत जाते. सोल्डर त्या धाग्यांत शिरला की हवेची वाट बुजते. कनेक्टरमध्ये ग्रीस भरण्याचाही तोच तोटा. सिलिकॉनचं साधं सीलंट तर एक्झॉस्टच्या आसपास नकोच, त्याची वाफ प्लॅटिनमवर बसते आणि सेन्सर कायमचा बहिरा होतो.

आणि पाणी. पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं. एप्रिलच्या गारठ्यात ते थंड नळीत थेंब होऊन साचतं. हीटरने लाल तापलेल्या सिरॅमिकवर थेंब उडाला तर त्याला तडा जातो. आजच्या गाड्यांचे कॉम्प्युटर नळी कोरडी होईपर्यंत हीटर पूर्ण जोराने लावतच नाहीत. माझ्या साध्या रिलेला तेवढी समज नाही. म्हणून जागा महत्त्वाची: सेन्सर नळीच्या वरच्या अंगाला, आडव्या रेषेपेक्षा किमान दहा अंश वर कललेला, म्हणजे पाणी त्याच्याकडे वाहणार नाही. आधीचा बंग, म्हणजे सेन्सर बसवायची आट्यांची बांगडी, खालच्या बाजूला होता. एका ओळखीच्या वेल्डरकडून तो बंद करून कलेक्टरच्या वरच्या अंगाला नवा जोडून घेतला. जुना सेन्सर निघायला तयार नव्हता. गंजाचं तेल, कोमट इंजिन आणि एका बाजूने चीर असलेला सेन्सरचा सॉकेट, हे तिन्ही एकत्र आले तेव्हा कुठे तो ‘टक्’ करून सुटला.

नवा बसवण्याआधी हेडरचं गॅस्केट तपासलं, कारण हीटर सगळ्या दुखण्यांवर औषध नाही. हेडरच्या फ्लँजमधून, म्हणजे इंजिनला बोल्टांनी आवळलेल्या पट्टीपाशी, बारीक गळती असेल तर धूर बाहेर जातोच, पण दोन धक्क्यांच्या मधल्या कमी दाबात बाहेरची हवा आतही ओढली जाते. सेन्सरला ती ऑक्सिजन म्हणूनच दिसते. तो प्रामाणिकपणे ‘लीन’ म्हणतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल ओतत सुटतो. थंड इंजिनच्या टेलपाइपमध्ये व्हॅक्युम क्लीनरची फुंकणारी बाजू लावली आणि फ्लँजवर साबणाचं पाणी मारलं. पंक्चरवाला पाण्यात ट्यूब धरून बुडबुडा शोधतो, तसं एकेका बोल्टापाशी थांबत गेलो. मागच्या सिलिंडरपाशी फेस आला. गॅस्केट बदललं, बोल्ट आवळले, इंजिन एकदा तापवून निवल्यावर पुन्हा आवळले. हेडर्सचे बोल्ट पहिल्या तापण्यात सैल पडतात, त्यामुळे ही दुसरी फेरी टाळता येत नाही.

आता सिग्नलला उभा राहिलो तरी आकड्याचा नाच चालूच राहतो. वेग रस्त्यावरच्यापेक्षा कमी, पण टोकं तीच, शंभर ते आठशे. ‘क्लोज्ड’ शब्द जागचा हलत नाही. या कॉम्प्युटरचा एक आकडा असतो, ब्लॉक लर्न. १२८ म्हणजे तक्ता बरोबर आहे, दुरुस्ती नको. त्याच्या वर म्हणजे पेट्रोल वाढवतोय, खाली म्हणजे कमी करतोय. आधी आयडलच्या कप्प्यात तो आकडा काही शिकायचाच नाही, कारण ओपन लूपमध्ये शिकणं बंद असतं. आता तो तिथेही हळूहळू सरकत १२८च्या खाली जाऊन स्थिरावला आहे. तक्ता खरोखरच जास्त पेट्रोल देत होता, आणि आता ते कोणीतरी मोजतंय. रात्री गॅरेजचं दार उघडं ठेवून मी बराच वेळ तो आकडा बघत बसलो होतो, आणि मला दुसरं काही करावंसं वाटत नव्हतं.

पुण्याहून भाच्याचा फोन आला तेव्हा मी याच सगळ्यात होतो. १ एप्रिल २०२०पासून भारतात बीएस-सिक्स आलं आणि मोटारसायकलींनाही फ्युएल इंजेक्शन व ऑक्सिजन सेन्सर लागले. त्याने बाइकला फ्री-फ्लो एक्झॉस्ट लावलाय आणि थ्रॉटल सोडला की फट्फट् आवाज येतो. “मामा, दुकानदार म्हणतो एक छोटा डबा मिळतो, सेन्सरच्या वायरमध्ये लावला की प्रॉब्लेम सॉल्व्ह.” ते डबे मला माहीत आहेत. सेन्सरचा सिग्नल मध्येच बदलून ते कॉम्प्युटरला लीनचा भास देतात, म्हणजे तो पेट्रोल वाढवतो. मला याचा राग येतो, आणि तो मी फोनवर लपवला नाही. आधी सायलेन्सरचा जोड गळतोय का बघ, म्हटलं, मग नव्या पाइपवर सेन्सर कुठे बसवलाय त्याचा फोटो पाठव. फोटो आला. क्लॅम्पपाशी काळा ओघळ स्पष्ट दिसत होता.

माझ्याकडे अजून उजवी बाजू शिल्लक आहे. या गाडीच्या कॉम्प्युटरला एकच सेन्सर कळतो, तो डाव्या चार सिलिंडरांचा, आणि त्यावरून तो आठही सिलिंडरांचं पेट्रोल ठरवतो. उजवीकडचा एखादा इंजेक्टर कमी सोडत असेल, तर कोणालाच पत्ता लागणार नाही. त्यामुळे उजव्या कलेक्टरलाही वरच्या अंगाला बंग जोडून घेतलाय. त्यात काही दिवस वाइडबँड सेन्सर लावून दोन्ही बाजू ताडून बघणार आहे. वाइडबँड नुसतं रिच-लीन सांगत नाही, किती रिच, किती लीन, हेही सांगतो, आणि हीटरशिवाय तर तो चालतच नाही. मोजून झालं की त्या बंगला डाट लावायचा. दोन्हींत फरक निघाला तर इंजेक्टर काढून तपासायला द्यायचे, आणि ते सगळं ऑगस्टच्या आत.